व्याजाचा कोरा रकाना

उन्हाळी सुट्टीत मुलांनी काय करावे, हा प्रश्न अलीकडे आपल्या घराघरांत मार्च महिन्यापासूनच चर्चेला येतो. संस्कार शिबिर, पाठशाळा, पोहणे, संगणक असे अनेक पर्याय समोर असतात आणि पालक गोंधळून जातात. आमच्या वेळी हा प्रश्न दोन शब्दांत सुटत असे. 'पेढीवर ये' एवढेच वडील म्हणत आणि सुट्टी सुरू होई. मला मात्र १९७५ च्या उन्हाळ्यात पेढीऐवजी मोसंबीच्या बागेवर पाठवण्यात आले. सकाळ बागेत आणि दुपार टॉकीजच्या अंधारात, तीही एकट्याने, अशी ती सुट्टी गेली. पुढे मी वाणिज्याची पदव्युत्तर पदवी घेतली, सदतीस वर्षे बँकेत कर्जाची प्रकरणे हाताळली, खात्याच्या परीक्षा दिल्या. तरीही कर्जाविषयी मला जे खरोखर उमगले, त्याचा मोठा भाग त्या दोन महिन्यांतला आहे. म्हणून ते लिहून काढतो.

तेव्हा जालना हा औरंगाबाद जिल्ह्याचा एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. 'जालना, सोने का पालना' ही म्हण मात्र जुनी, आणि मोंढ्यातील प्रत्येक पेढीला ती आपल्यामुळेच खरी ठरली असे वाटत असे. आमची अडतीची पेढी तिथेच होती. गहू, ज्वारी, कापूस, तूर हा मुख्य व्यवहार आणि मोसंबी हा जोडधंदा. माझी एस.एस.सी.ची परीक्षा मार्चमध्ये आटोपली होती, निकाल जूनमध्ये लागायचा होता. मित्र आपापल्या आजोळी गेलेले, चुलत भावंडे अक्षय्य तृतीयेच्या लग्नांसाठी मारवाडात. ते वर्ष भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाचे होते. चारही संप्रदायांनी मान्य केलेला पंचरंगी ध्वज घरांवर दिसू लागला होता आणि दादीजींचा बहुतेक दिवस स्थानकातच जात असे. अशा रिकाम्या घरात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा दिवसभर लोळत राहावा, हे बाबूजींना पटण्यासारखे नव्हते.

जालन्याहून अंबडकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका शेतकऱ्याची तीनशे झाडांची बाग आमच्याकडे गुत्त्याने होती. गुत्ता हा शब्द मराठवाड्याबाहेरच्या वाचकांना कदाचित अपरिचित वाटेल. झाडावरच्या फळाचा भाव आधीच ठरवायचा, तोडणी आणि वाहतूक घेणाऱ्याने करायची, असा तो व्यवहार. आमच्याकडची मोसंबी मुख्यतः दोन बहारांची. त्यांपैकी मृगाच्या पावसावर फुललेल्या बहाराचे फळ साधारण नऊ महिन्यांनी, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी तोडणीला येते आणि काही बागांत मे महिन्यापर्यंत चालते. बाजारात इतर फळ कमी आणि ऊन कडक, त्यामुळे या फळाला भाव चांगला मिळतो. पण ते झाडावर पिकत असते त्या शेवटच्या महिन्यांत विहीर तळ गाठू लागलेली असते, हे शहरातल्या रसवंतीसमोर उभे राहून कळत नाही.

पहाटेच्या एस.टी.ने मी निघत असे आणि साडेसहाच्या सुमारास बागेत पोहोचत असे. बागेच्या मालकांना सगळे आबा म्हणत. मी कोणाचा कोण हे त्यांनी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवले आणि मला तोडणीच्या बायकांच्या रांगेत उभे केले. मोसंबी ओढून तोडायची नसते. ओढली की देठाजवळची टोपी झाडालाच राहते, फळाला भोक पडते आणि तेथूनच ते कुजू लागते. फळ तळहातात धरून हलकेच पीळ द्यायचा, किंवा कात्रीने देठ अगदी फळालगत कापायचा. लांब देठ राहिला तर तो करंडीतल्या शेजारच्या फळाला टोचतो. ही काळजी उगीच नव्हती. आमचा माल मुंबईला जायचा. जालन्याहून मीटर गेजच्या गाडीने मनमाडपर्यंत, तेथे उतरवून पुन्हा ब्रॉड गेजच्या डब्यात. म्हणजे प्रत्येक करंडी एकदा जास्तीची उचलली आणि आपटली जाणार. मोसंबीच्या झाडाला काटे असतात, हेही मला तेव्हाच कळले. पहिल्या आठवड्यात माझे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरखडले होते आणि आंबट रस त्यांत झोंबत असे.

दहा वाजता तोडणी थांबे आणि मोजणी सुरू होई. झाडाखाली फळांचा ढीग, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आबा. दोन्ही हातांनी मिळून पाच फळे उचलायची आणि करंडीत ठेवायची. मोजताना 'एक' म्हणायचे नाही, 'लाभ' म्हणायचे. मग दोन, तीन, चार. वीस वेळा पाच झाले की शेकडा पूर्ण, आणि आबा एक खडा बाजूला ठेवीत. शेवटी खडे मोजायचे आणि मी तो आकडा लिहायचा. या मोजणीत मला फार आनंद वाटे. परीक्षेतल्या गणितापेक्षा हे गणित वेगळे होते, कारण समोर बसलेला माणूसही तेच गणित करीत होता.

दादीजींना माझे हे काम मनापासून आवडले नव्हते. अष्टमी-चतुर्दशीला घरात हिरवी भाजीदेखील येत नसे, आणि नातू मात्र झाडावरून फळे तोडतो आहे! त्या दिवशी मी तोडणार नाही, केवळ मोजीन, अशी तडजोड निघाली. याच निमित्ताने त्यांनी मला सहा वाटसरूंची गोष्ट पुन्हा सांगितली. आपल्यापैकी बहुतेकांनी ती पाठशाळेत ऐकलेली असते. भुकेले सहा जण फळांनी लगडलेल्या जांभळाजवळ येतात. एक म्हणतो झाड मुळापासून तोडू, दुसरा म्हणतो मोठी फांदी तोडू, तिसरा लहान डहाळी, चौथा घोस, पाचवा केवळ पिकलेली फळे, आणि सहावा म्हणतो, खाली पडलेली आहेत तीच पुरे. कृष्ण लेश्येपासून शुक्ल लेश्येपर्यंतच्या या सहा पायऱ्या. मी दादीजींना विचारले, 'फळ अजून धरलेलेही नाही, तेव्हाच जो त्याचा भाव ठरवतो तो या सहांपैकी कोणता?' त्या हसल्या आणि म्हणाल्या, 'हे तुझ्या बापाला विचार.'

मजुरीचा प्रश्न बाबूजींनीच काढला. अर्ध्या दिवसाचे दोन रुपये, इतर मजुरांच्या हिशेबानेच. 'कमावलेला पैसा तुझा. कशावर खर्च केलास हे विचारणार नाही. पण लिहून ठेव.' मुनीमजींनी लाल कापडी पुठ्ठ्याची एक लहान चोपडी दिली. ती आजही माझ्याजवळ आहे. तिच्या खर्चाच्या बाजूला एप्रिल आणि मे मिळून एकोणीस वेळा एकच नोंद आहे: 'टॉकीज १-०५'.

आमच्या घरी सिनेमाला बंदी नव्हती, पण प्रोत्साहनही नव्हते. अडचण वेगळीच होती. संध्याकाळचा सहाचा खेळ आम्हा लोकांसाठी नव्हताच, कारण सूर्यास्तापूर्वी ताटे मांडली जात आणि दादीजींचा चौविहार असे. रात्रीच्या खेळाचा प्रश्नच नव्हता. राहिला तीनचा. तो सहाच्या सुमारास सुटे, मे महिन्यात जालन्याला सूर्य मावळतो सातच्या आसपास, आणि टॉकीजपासून घर पायी पंधरा मिनिटे. या पाऊण तासाच्या फटीतून माझी सारी चित्रपटसृष्टी आत आली. बागेतून बाराला परत, आंघोळ, जेवण, थोडी झोप आणि मग भर उन्हात टॉकीज. बरोबर कोणी नव्हते म्हणून एकट्याने जाऊ लागलो. आठवडाभराने कोणी बरोबर नसावे असेच वाटू लागले.

यामागचे कारण सांगितले पाहिजे. जालन्यासारख्या गावात व्यापाऱ्याचा मुलगा कधीच एकटा नसतो. स्थानकात, मोंढ्यात, शाळेत, रस्त्यावर तो अमक्याचा नातू आणि तमक्या पेढीचा मुलगा असतो. पत्र्याच्या छपराखालच्या त्या टॉकीजमध्ये, रुपया पाच पैशांच्या बाकावर, दिवे गेल्यावर मी कोणाचाच नव्हतो. दाराच्या फटीतून आत आलेली उन्हाची तिरीप आणि तिच्यात फिरणारी विडीच्या धुराची वर्तुळे मला अजून आठवतात. (धुराचा त्रास होई, हेही नमूद करतो, जुन्या दिवसांचे सगळेच गोड होते असे नाही.)

येथे एक व्यापारी गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. चित्रपटांच्या वितरणासाठी देशाचे जे विभाग पाडलेले होते, त्यांत मराठवाडा मुंबई विभागात नव्हता, 'निझाम' विभागात होता. हैदराबाद राज्याचे १९५६ साली विभाजन झाले, आपण प्रथम द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आलो. पण सिनेमाच्या धंद्याने आपल्याला निजामाकडेच ठेवले. राज्ये बदलतात, पण खतावणीतली शीर्षके लवकर बदलत नाहीत, याचे इतके चांगले उदाहरण मला वाणिज्याच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडले नाही.

नवे चित्रपट आमच्याकडे उशिरा येत आणि उन्हाळ्यात जुन्यांचीच पाळी असे. त्या दोन महिन्यांत मी 'श्यामची आई' पाहिला, 'पिंजरा' पाहिला, 'दोस्ती' पाहिला आणि 'हाथी मेरे साथी' दोनदा पाहिला. 'दो बिघा ज़मीन' पाहून आल्यावर रात्री नीट झोप लागली नाही. आणि मे महिन्याच्या मध्यावर 'मदर इंडिया' लागला.

१९५७ सालचा हा चित्रपट तोवर घरोघरी माहीत झालेला होता. परदेशातील ऑस्करसाठी नामांकन मिळालेला तो पहिला भारतीय चित्रपट. पण आमच्या घरात त्याचे नाव कधी निघाले नव्हते. का निघाले नव्हते, हे मला बाकावर बसल्यावर समजले. टॉकीजमध्ये त्या दिवशी मोंढ्यात गहू-ज्वारी घेऊन आलेले शेतकरी भरपूर होते. सकाळी माल घालायचा, पट्टी घ्यायची, तीनचा सिनेमा पाहायचा आणि सायंकाळच्या गाडीने गावी जायचे, असा अनेकांचा क्रम असे. माझ्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले होते. खिशात बागेतली दोन मोसंबी होती, त्यांतले एक मी सोलले. अंधारात त्या सालीचा वास चार बाकांपर्यंत गेला. अर्धे फळ मी त्यांच्यापुढे धरले.

'लई गोड हाय,' ते म्हणाले. 'कुणाचा रे तू?'

'अंबड रस्त्याच्या बागेवर तोडणीला असतो,' मी सांगितले. तेही खरेच होते.

पडद्यावर सुखीलाला होता. कन्हैयालाल या नटाने ही भूमिका दोनदा केलेली आहे. मेहबूब खान यांच्याच १९४० सालच्या 'औरत'मध्येही सावकार तेच होते. पाचशे रुपयांचे कर्ज, आणि व्याजापोटी दरवर्षी पिकाचे चारांपैकी तीन हिस्से. त्याच्या हातातली लाल वही आमच्या पेढीवरच्या वहीसारखी दिसत होती. ज्या वहीवर दिवाळीला दादीजी कुंकवाचा स्वस्तिक काढत, जिला पाय लागला तर आम्ही नमस्कार करत असू, ती वही येथे शंभर लोकांच्या शिव्या खात होती. शेवटी बिरजू सुखीलालाच्या घरात शिरतो आणि वह्यांना आग लावतो. सारे टॉकीज उभे राहिले. शिट्ट्या, टाळ्या, कोणी टोप्या उडवल्या. माझ्या शेजारचे गृहस्थही उभे राहून टाळ्या वाजवीत होते, मोसंबीच्या रसाने चिकट झालेल्या हातांनी. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि उठून बाहेरही गेलो नाही. सहा वाजून गेल्यावर उन्हात आलो, घरी पोहोचलो, हात धुतले आणि ताटावर बसलो. बाबूजी जेवत होते. कोणी काही विचारले नाही.

तीन-चार दिवसांनी पेढीवर गर्दी ओसरल्यावर मी विचारले, 'आबांच्या खात्यावर आपण व्याज किती लावतो?'

बाबूजींनी माझ्याकडे पाहिले. मग मुनीमजींना संवत २०२९ ची वही काढायला सांगितली. हे १९७२ च्या दिवाळीनंतरचे वर्ष, म्हणजे त्या मोठ्या दुष्काळाचे. १९७२ चा पाऊस गेला आणि १९७३ च्या उन्हाळ्यात विहिरी कोरड्या पडल्या. तेव्हा आबांची झाडे जगवण्यासाठी दोन महिने बैलगाड्यांनी पिंपे भरभरून पाणी ओढले गेले होते. त्यासाठी पेढीने दिलेले तीन हजार रुपये आबांच्या नावे लिहिलेले होते. पुढचा व्याजाचा रकाना कोरा होता. 'पाण्याच्या पैशावर व्याज घेत नाहीत,' बाबूजी म्हणाले, आणि हे ते अगदी मनापासून म्हणाले. व्यवहार असा ठरला होता: पुढचे तीन मृग बहार पेढीला गुत्त्याने, भाव शेकड्याला बारा रुपये, आणि तीन हजारांपैकी एक हजार दरवर्षी त्यातून वळते करायचे.

मी घरी येऊन चोपडीत हिशेब मांडला. त्या वर्षी मोंढ्यात भाव वीस रुपयांवर होता. तोडणी, करंडी, गवत, गाडीभाडे मिळून तीन रुपये धरले, तरी शेकड्यामागे पाच रुपये राहत होते. बागेतून सुमारे सहाशे शेकडे निघणार, हे माझ्या रोजच्या खड्यांवरून दिसत होते. म्हणजे तीन हजार. जेवढे मुद्दल दिले होते तेवढी रक्कम एकाच हंगामात भावातून परत येत होती, आणि मुद्दलाची वळती वेगळी.

हा हिशेब बाबूजींपुढे ठेवला तेव्हा ते रागावले नाहीत. १९७४ च्या हंगामात झाडे अशक्त होती, फळ थोडे आणि बारीक निघाले, पेढीला घाटा आला, हे त्यांनी वहीत दाखवले. ते खरे होते. 'त्या मे महिन्यात झाडांवर पाने नव्हती,' ते म्हणाले. 'तेव्हा बारा रुपये दुसऱ्या कोणी दिले असते का, आबांनाच विचार.'

मी आबांनाही विचारले. ते खडे मोजत होते. 'त्या टायमाला शेठजी नसते तर हितं सरपण राहिलं असतं,' ते म्हणाले. थोडे थांबून म्हणाले, 'पण मोंढ्यातला भाव कानावर आला की रातच्याला डोळा लागत नाही, हेबी खरंच.'

वाचकहो, बँकेत लागल्यावर मी या व्यवहाराला अनेक नावे दिली. आगाऊ विक्री, जोखमीचा मोबदला, भावनिश्चितीचा करार. सारी बरोबर आहेत. दोघांपैकी एकही खोटे बोलत नव्हता, असे मी आजही म्हणेन. मला खटकला तो कोरा रकाना. सुखीलालाचे व्याज वहीत लिहिलेले होते, म्हणून ते जाळता तरी आले. आमचे व्याज भावात होते. वहीत ते नव्हतेच, त्यामुळे बाबूजींनाही ते दिसत नव्हते. टॉकीजमध्ये टाळ्या वाजवणाऱ्या त्या गृहस्थांना ते दिसत असणार. सकाळी बागेत मोजणी केली नसती किंवा दुपारी त्या बाकावर बसलो नसतो, तर मलाही ते दिसले नसते.

एम.कॉम.ला तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठात आर्थिक इतिहास वाचताना एक तारीख समोर आली आणि मी पुस्तक मिटून ठेवले. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगा केला तो १२ मे १८७५ रोजी. मी 'मदर इंडिया' पाहिला त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधीचा मे महिना! अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला आलेला भाव युद्ध संपताच कोसळला, सरकारने शेतसारा वाढवला, उधारी आटली, आणि पुणे-अहमदनगर भागातील गावोगावी मारवाडी-गुजर सावकारांच्या घरांतून खते आणि वह्या बाहेर काढून जाळण्यात आल्या. माणसांना फारशी इजा झाली नाही. रोख कागदांवर होता. त्यातूनच १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा आला. आपल्या समाजाच्या इतिहासात आपण मंदिरे, धर्मशाळा आणि पांजरपोळ यांची नोंद ठेवतो. सुप्याचीही नोंद ठेवायला हरकत नसावी. ती अपमान म्हणून ठेवावी असे नव्हे. तो आपल्या धंद्याचाच इतिहास आहे.

बाबूजींशी मी याविषयी बोललो तेव्हा त्यांनी तुकोबांचे उदाहरण दिले. दुष्काळानंतर तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. 'पण स्वतःच्या वाट्याचीच बुडवली,' बाबूजी म्हणाले. 'भावाच्या वाट्याची त्याला देऊन टाकली. हे लोक विसरतात.' पेढीत काकाजींचा निम्मा हिस्सा होता, हे येथे सांगायला हवे.

त्याच १९७५ साली, आणीबाणी जाहीर झाल्यानंतर, ग्रामीण कर्जमुक्ती वीस कलमी कार्यक्रमात आली आणि महाराष्ट्रात कर्जमुक्तीचा कायदा झाला. छोटे शेतकरी, मजूर, कारागीर यांची खाजगी सावकारांकडील कर्जे रद्द झाली, गहाण वस्तू परत करण्याची वेळ आली. सरकार आणि बँका यांची कर्जे मात्र त्यातून वगळलेली होती. मोंढ्यात काही महिने दुसरा विषय नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली फत्तेचंद हिंमतलाल यांच्या प्रकरणात हा कायदा वैध ठरवला. आबांच्या व्यवहाराला मात्र तो लागू होत नव्हता, कारण तो व्यवहार कागदोपत्री कर्ज नव्हताच, फळाची विक्री होती. तरीही त्या दिवाळीला बाबूजींनी आबांना बोलावून घेतले आणि तिसऱ्या बहाराचा भाव बारावरून सतरा केला. काकाजींनी आक्षेप घेतला, तेव्हा फरकाची निम्मी रक्कम बाबूजींनी स्वतःच्या खात्यावर नावे लिहायला सांगितली. यात कायद्याचा धाक किती, काळाचे वारे किती आणि चोपडीतला माझा हिशेब किती, हे त्यांनी कधी सांगितले नाही. मी विचारलेही नाही.

मी पेढीवर बसलो नाही, बँकेत गेलो. नातेवाइकांना याचे नवल वाटले. बँकेच्या मंजुरीपत्रावर व्याजाचा दर ठळक अक्षरांत छापलेला असतो, हे मला त्या नोकरीतले फार मोठे सुख वाटत असे. त्या सुखाची मर्यादा मला २०१३ मध्ये कळली.

सलग दोन वर्षे पाऊस हुकला होता. जायकवाडी तळाला गेले होते, जालना शहरच टँकरवर जगत होते. ज्या मोसंबीला पुढे २०१६ मध्ये 'जालना मोसंबी' म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या बागाच्या बागा त्या उन्हाळ्यात वाळल्या. आमच्या शाखेत रोज शेतकरी येत. आणेवारी पन्नास पैशांपेक्षा कमी, त्यामुळे पीककर्जांचे पुनर्गठन करता येत होते, हप्ते लांबवता येत होते. नियमात मुदत होती, पाणी नव्हते. आज टँकर आणला नाही तर आठवड्याने झाड जाणार, त्यासाठी चार दिवसांत रोख द्या, असे म्हणणाऱ्याला देण्यासारखे माझ्याजवळ एकही कलम नव्हते. बैलगाड्यांच्या पाण्यासाठी एका संध्याकाळी तीन हजार काढून देणारी आमची पेढी मला त्या खुर्चीत बसून वारंवार आठवली.

एका तरुण शेतकऱ्याच्या बागेची पाहणी करायला मी गेलो होतो. चारशे झाडे. निम्म्या बागेत कुऱ्हाड चालू होती. दादीजींच्या गोष्टीतला पहिला वाटसरू झाड मुळापासून तोडायला निघतो तो भुकेच्या हावेने. हा माणूस स्वतः लावलेले झाड मुळापासून तोडत होता आणि खोडाकडे पाहत नव्हता. उरलेल्या झाडांच्या आळ्यांत मात्र ओल दिसली. मी चौकशी केली, तेव्हा टँकरचे पैसे एका व्यापाऱ्याने दिले असल्याचे त्याने सांगितले.

'व्याज किती?' मी विचारले.

'व्याज काही नाही साहेब,' तो म्हणाला. 'नुसता भाव ठरलाय, तीन वर्षांचा.'

भाव किती ते त्याने सांगितले. बाजाराशी तुलना करून मला तो फारच कमी वाटला, आणि तसे मी त्याला स्पष्ट सांगितले. पुढच्या वर्षासाठी बाजारभावाशी जोडलेली एक अट करारात घालून घे, असे सुचवून तिचा मजकूर तिथेच एका कागदावर लिहून दिला. व्यापाऱ्याने ती मान्य केली की नाही, हे कळण्याआधीच माझी बदली झाली. त्या चारशेंपैकी दीडशे झाडे पाऊस येईपर्यंत टिकली होती. बाकीची लाकडे रोहिणी लागण्यापूर्वीच सरपणाच्या भावात गेली.